परभणी जिल्हा आणि १९५१-५२ ची ग्रामीण पतपाहणी : आखणी व क्षेत्रकार्य यांचा विचार

रिझर्व्ह बँकेने १९५१ साली श्री. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली, तेव्हा देशातील ७५ जिल्ह्यांची निवड करण्यात आली. त्या वेळच्या हैदराबाद राज्यातून निवडलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व परभणी हे दोन मराठी जिल्हे होते. या पाहणीचे निष्कर्ष सर्वपरिचित आहेत. शेतकऱ्याने वर्षभरात काढलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, आणि शेतकरी सावकार व धंदेवाईक सावकार या दोहोंचा मिळून जवळजवळ ७० टक्के असे आढळले. या आकड्यांच्या आधारे पुढे जे धोरण आखले गेले, त्याचे एक फळ म्हणजे १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची झालेली स्टेट बँक. ज्या आकड्यांनी एवढे मोठे कार्य घडविले ते खेड्यात कसे गोळा झाले, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली आहे.

त्यापूर्वीच्या ग्रामपाहण्यांत आखणी करणारा आणि माहिती गोळा करणारा यांच्यात फारसे अंतर नसे. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुणे परिसरातील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला, त्या वेळी ते व त्यांचे सहकारी स्वतः त्या गावात वावरले होते. डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले संस्थेतर्फे पुणे शहराची जी पाहणी केली, तीत वेतनी अन्वेषक असले तरी संचालक व अन्वेषक एकाच शहरात होते. गाडगीळ हे पतपाहणीच्या समितीचेही सदस्य होते. पण येथे प्रमाणच बदलले. प्रत्येक जिल्ह्यात आठ, अशी एकूण ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे या पाहणीत आली. आखणी मुंबईत झाली, तर विचारपूस खास या कामी नेमलेल्या क्षेत्रसेवकांनी केली. अन्वेषणाचे काम हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊ लागल्याचे हे चिन्ह होते. १९५०च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पहिल्या फेरीतही हेच घडत होते.

आखणी अशी होती. निवडलेल्या गावातील सर्व कुटुंबांची प्रथम सामान्य पत्रकावर नोंद करावयाची. त्यांतील शेती करणारी कुटुंबे कसत्या जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे उतरत्या क्रमाने मांडून त्यांचे दहा भाग पाडावयाचे, आणि त्यांतून पंधरा कुटुंबे निवडून त्यांची सविस्तर चौकशी करावयाची. पहिल्या दशांशास ‘बडे’, पहिल्या तीन दशांशांस ‘मोठे’, मधल्या चारांस ‘मध्यम’ व शेवटच्या तिनांस ‘लहान’ शेतकरी असे म्हटले गेले. परभणी जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर सविस्तर चौकशी झाली ती १२० कुटुंबांची. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही वर्गवारी एकरांवर ठरलेली नसून गावातील स्थानावर ठरलेली होती. गोदाकाठच्या काळ्या जमिनीच्या गावात जो ‘लहान’ ठरेल, तो जिंतूरच्या हलक्या माळरानाच्या गावात ‘मध्यम’ ठरू शकेल. तेव्हा पहिल्या यादीत क्षेत्र चुकले की वर्ग चुकला, आणि वर्ग चुकला की पुढचे सारे चुकले.

क्षेत्र चुकण्यास कारणेही होती. १९५० साली हैदराबाद राज्यात कूळकायदा झालेला होता. आपली जमीन बटाईने दुसरा कसतो, हे परक्या माणसाच्या कागदावर लिहू देण्याची इच्छा त्या वर्षी कोणत्या मालकास झाली असती? कुळासही मालकाच्या देखत ते सांगणे अवघडच होते. लेव्हीच्या काळापासून धान्याचा व जमिनीचा आकडा विचारणारा माणूस म्हणजे काहीतरी घेऊन जाणारा माणूस, अशी शेतकऱ्याची समजूत झालेली होती, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. त्यातच १९५१-५२ च्या हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. अशा गावात घरोघरची यादी करीत फिरणाऱ्या अन्वेषकाने आपण कोण व कशासाठी आलो आहोत हे नीट सांगणे, हाच त्याच्या कौशल्याचा पहिला भाग होता.

दुसरी अडचण रुपयाची. जिल्ह्यात त्या काळी हाली व कलदार असे दोन रुपये तोंडी व व्यवहारी चालत; सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव होता. हाली नाणे अधिकृतरीत्या पूर्णपणे बाद झाले ते १९५९ साली. शेतकऱ्याने ‘सातशे’ म्हटले आणि अन्वेषकाने कोणते ते विचारले नाही, तर सहाशेचे कर्ज सातशे म्हणून नोंदले जाई, म्हणजे सोळा टक्क्यांहून अधिक फुगे. ही चूक नमुन्यातील गावे वाढवून नाहीशी होणारी नव्हे. सर्वत्र एकाच दिशेने होणारी चूक गावे वाढविली तरी तशीच राहते. आज माहिती गोळा करण्याचे काम करारावर करून देणाऱ्या खासगी संस्था आहेत, त्यांचे प्रगणक उत्तरे टॅब्लेटवर भरतात, आणि रिकामा रकाना यंत्र पुढे जाऊ देत नाही. परंतु जो रकाना आखणाऱ्याने मुळात ठेवलाच नाही, तो रिकामा राहिल्याची सूचना कोणतेही यंत्र देत नाही.

खरी गुंतागुंत ‘कर्ज’ या शब्दात होती. उसनवारी निराळी आणि कर्ज निराळे, असे मराठी शेतकरी मानतो. भावाकडून उसने आणलेल्या पैशास तो कर्ज म्हणणार नाही. पण पाहणीच्या कोष्टकात नातलगांचा वाटा १४.२ टक्के आहे, तो पुरा आहे की नाही हे प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावर अवलंबून आहे. धान्याची वाढीदिढी त्याहून अवघड. आषाढात चार पायल्या ज्वारी सवाईने घेतली तर सुगीत पाच पायल्या द्यावयाच्या. पण दरम्यान ज्वारीचा भाव पंचमांशाने उतरला असेल, तर घेतलेले व दिलेले धान्य रुपयांत सारखेच भरते आणि व्याज शून्य दिसते. घेणाऱ्याचे मात्र एक पायली धान्य अधिक गेलेले असते. सालगड्याने पाडव्याला घेतलेली उचल ही आगाऊ मजुरी की कर्ज, हा प्रश्न तर परभणीच्या १२० कुटुंबांच्या चौकशीत फारसा उद्भवलाच नसावा. कारण ती चौकशी शेती करणाऱ्यांपुरती होती आणि भूमिहीन गडी सामान्य यादीतच राहून गेला.

सावकाराच्या वर्गीकरणातही असेच झाले. गावचा पाटील किंवा देशमुख व्याजाने पैसे देतो, तो शेतकरी सावकार. मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यावरचा अडत्या कापसावर पैसा देतो, तो व्यापारी. पण याच अडत्याची चार गावांत जमीन असेल व तो घरी बसून दस्तऐवज करीत असेल, तर त्याला कोणत्या रकान्यात बसवावयाचे? १९५१-५२ च्या पाहणीत धंदेवाईक सावकाराचा वाटा ४४.८ टक्के व शेतकरी सावकाराचा २४.९ टक्के होता. पुढे १९६१-६२ च्या पाहणीत हे प्रमाण उलट झालेले दिसले. दहा वर्षांत धंदेवाईक सावकार एकाएकी नाहीसा झाला, यापेक्षा त्याचा रकाना बदलला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. सहकारी संस्थांच्या वाट्याबाबत हा संशय घेण्याचे कारण नाही. संस्थेची चोपडी असते, आणि तेथे कर्जदाराचे उत्तर ताडून पाहता येते. समितीने कर्ज देणाऱ्यांचीही स्वतंत्र चौकशी केली, हे या आखणीचे मोठे बळ होते. परंतु परवान्याच्या कायद्याखाली वावरणारा सावकार आपली चोपडी कितपत उघडी, हे सांगावयास नको.

डॅनियल व ॲलिस थॉर्नर यांनी १९६० साली ‘इकॉनॉमिक वीकली’त या पाहणीची शास्त्रीय चौकशी म्हणून कसोटी घेतली, आणि समितीच्या शिफारशी तिच्या आकड्यांतून निघतात काय, असा प्रश्न केला. त्यांच्या आक्षेपास एक साधा कालक्रमही पुष्टी देतो : शिफारशींचा खंड १९५४ साली प्रसिद्ध झाला, तर पाहणीच्या कोष्टकांचे खंड त्यानंतर. तथापि या टीकेचा रोख प्रगणकांवर ठेवणे अन्याय्य ठरेल. त्यांनी जे विचारले ते त्यांच्या पत्रकात होते. जे पत्रकात नव्हते त्याची जबाबदारी ते आखणाऱ्यांकडे जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रा. महालनोबीस यांनी एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र उपनमुने दोन निरनिराळ्या गटांकडून पाहवून घेण्याची पद्धत रूढ केली, ती याच कारणासाठी. दोघांच्या उत्तरांतील अंतर हेच क्षेत्रकार्यातील चुकीचे माप मानावयाचे. पण दोन्ही गटांच्या हाती एकच सदोष व्याख्या असेल, तर त्यांची उत्तरे जुळतात आणि चूक झाकली जाते.

परभणीच्या त्या आठ गावांच्या आकड्यांशी आजच्या माहितीची तुलना करू इच्छिणाऱ्या संशोधकापुढे आणखी एक काम आहे. १९५१ सालच्या जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, पाथरी, परतूर, जिंतूर, हिंगोली, कळमनुरी व वसमत हे तालुके होते. परतूर १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात गेला. हिंगोली, कळमनुरी व वसमत १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहेत. उरलेल्या भागाचे आज नऊ तालुके झालेले आहेत. तेव्हा जिल्ह्याच्या नावाखाली छापलेली दोन कोष्टके शेजारी ठेवण्यापूर्वी जुन्या जिल्ह्याची सीमा गावांच्या यादीवरून पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि ही यादी प्रगणक गावात पाठविण्यापूर्वीच तयार असावी लागते.