दौलताबादची द्राक्षे आणि माळ्याची कात्री

#थ्रेड

१/ छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्रा लागते. २००१ पासून येथे मोटारी तयार होतात. ही औद्योगिक वसाहत पाहताना या परिसराचे द्राक्षाशी काही जुने नाते असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. शहराच्या दुसऱ्या अंगाला मात्र दौलताबादचा किल्ला उभा आहे आणि तेथील द्राक्षांची लिखित नोंद सुमारे पावणेसातशे वर्षांची आहे.

२/ या प्रदेशाला वाइन त्याहूनही आधीपासून ठाऊक होती. पण ती परदेशी. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथानुसार भडोच बंदरात येणाऱ्या मद्यांत इटलीच्या वाइनला पहिली पसंती असे. भडोचपासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, तर तगर, म्हणजे आजचे तेर, आणखी १० दिवसांवर. तेर आणि नेवासे येथे परदेशी मद्यकुंभांचे तुकडेही सापडले आहेत.

३/ अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातील माणसे हाती चषक घेऊन बसलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना त्यात इराणचा बादशहा खुस्रो दिसला. ती ओळख आता मान्य नाही. पण मद्यपानाचा हा प्रसंग चित्रकाराने परदेशी पाहुण्यांभोवतीच रंगवला, हे खरे.

४/ १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी वसवली. दख्खनमध्ये द्राक्षवेल आणण्याचे श्रेय परंपरेने याच स्थलांतराला दिले जाते. राजधानी काही वर्षांतच दिल्लीला परतली. वेल मात्र येथेच राहिली.

५/ १३४२ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला. येथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात व त्यांचे पीक वर्षातून दोनदा येते, असे त्याने नोंदवून ठेवले. वाचताना ही प्रवाशाची अतिशयोक्ती वाटते. ती तशी नाही.

६/ थंड प्रदेशात हिवाळ्यात द्राक्षवेलीची पाने गळतात आणि ती झोपी जाते. दख्खनमध्ये तशी थंडी नाही, म्हणून वेल वाढतच राहते. तिचे वर्ष ऋतू ठरवत नाही. ते माळ्याची कात्री ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी.

७/ जुने बागाईतदार दोन्ही छाटण्यांचे फळ घेत. पावसाळ्यात पिकणारा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणारा तो गोडा बहार. बतूताच्या ‘दोनदा’चा उलगडा बहुधा हाच. आज एप्रिलच्या छाटणीनंतर फळाऐवजी काडी तयार केली जाते आणि ऑक्टोबरनंतरचेच पीक घेतले जाते.

८/ ही द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी होती. दख्खनच्या उतारांवरून चांगली वाइन काढण्याचा मोठा प्रयत्न १९८० च्या दशकात झाला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील तज्ज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही विकली गेली.

९/ न झोपणारी वेल हाच तेथेही मूळ प्रश्न होता. उन्हात साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो. आणि आंबटपणा गेला तर वाइन बेचव होते. म्हणून निचऱ्याचा उतार आणि गार रात्री हव्यात. पण वेलीचे वर्ष बसवायचे ते दोन छाटण्यांनीच. ती विद्या फ्रान्सहून आली नव्हती.

१०/ २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले आणि वाइनचे केंद्र नाशिककडे सरकले. नारायणगावचा उद्योग पुढे कर्जात बुडाला. दौलताबादच्या रस्त्यावर आज सीताफळे आणि पेरूंच्या टोपल्या दिसतात.

११/ युरोपात शंभरी गाठलेल्या वेलींची वाइन अभिमानाने मिरवली जाते. महाराष्ट्रात वेलीला विश्रांती नाही. साधारण १५ वर्षांत ती थकते आणि बाग नव्याने लावावी लागते. त्यामुळे येथे ‘जुनी बाग’ शोधायची तर ती वेलीच्या खोडात सापडत नाही. जुनी आहे ती छाटणी.

१२/ तुघलकाची फसलेली राजधानी प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरचे गणित ज्यांनी बसवले, त्या माळ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नोंदलेले नाही. ते गणित मात्र दर ऑक्टोबरला नाशिकपासून सांगलीपर्यंत पुन्हा मांडले जाते.