चिनी शेवया, थाय नांव

पाड थाय हें नांव घेतांच परदेशस्थ मनुष्यालाही थायलंड आठवतो. तांदळाच्या पिठाच्या चपट्या शेवया भिजवून मोठ्या जाळावर लोखंडी कढईंत परतावयाच्या. त्यांत अंडें, सोडे, खारवलेला मुळा, चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि माशांच्या खारवणाचें पाणी घालावयाचें. वर मुगाचे लांब मोड, शेंगदाण्याचें कूट व लिंबाची फोड. आंबट, गोड आणि खारट ह्यांचा असा मेळ पाहून खाणाऱ्यास वाटतें कीं, हा पदार्थ कित्येक शतकांचा असावा. वस्तुतः ह्या नांवाचें वय शंभर वर्षेंही भरत नाहीं.

थाय मनुष्याचें खरें अन्न भात. जेवण्याला त्या भाषेंत ‘भात खाणें’ असेंच म्हणतात. शेवया आणल्या त्या दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांनीं. त्यांचें ‘क्वाय-तिआव’ हें चिनी नांव तेथें अद्याप चालतें. मग त्यांना ‘थाय’ हें बिरुद कसें लाभलें?

१९३२ सालीं सयामांत राजाची अनियंत्रित सत्ता संपली. १९३८ च्या डिसेंबरांत पिबुन सोंगख्राम हे लष्करी अधिकारी पंतप्रधान झाले आणि १९३९ सालीं देशाचें नांव थायलंड ठेवण्यांत आलें. त्या सालापासून १९४२ पर्यंत सरकारनें बारा फर्मानें काढलीं. राष्ट्रगीतास मान कसा द्यावा, पोशाख कोणता करावा, दिवसाचे तास कसे घालवावे, हें सारें त्यांत होतें. देशी माल वापरण्याचाही हुकूम होता. पुढें पान खाण्यावरही बंदी आली. विड्याच्या शौकिनांस हा जाच निराळा समजावून सांगावयास नको!

१९४१ च्या डिसेंबरांत जपानी फौजा उतरल्या. १९४२ सालीं बँकॉक महापुरांत सांपडलें. अशा ओढगस्तीच्या काळांत सरकारनें शेवया खाण्याचा प्रचार आरंभिला. पिबुन ह्यांचा हिशेब सरळ होता. देशांतील १ कोटि ८० लक्ष लोकांनीं रोज ५ सतांगांची एकेक वाटी खाल्ली, तर दिवसाला ९ लक्ष बाट देशांतच खेळते राहतील.

पाड म्हणजे परतणें. हा पदार्थ प्रथम कोणीं परतला ह्याविषयीं निरनिराळ्या कथा आहेत. परंतु चिनी शेवयांना थाय म्हणण्याची हवा ह्याच वर्षांतली. आणि ह्याच वर्षांत त्या सरकारनें चिनी शाळा बंद पाडल्या व अनेक धंदे परकीयांस मना केले. पदार्थ आपला झाला. तो आणणारे मात्र परके ठरले. तथापि हें सर्व सरकारी कर्तृत्व म्हणणें अन्यायाचें होईल. चिंच, गूळ व मासळीचें खारवण हीं थाय स्वयंपाकघरांत आधींपासूनच होतीं. त्यांच्यावांचून केवळ हुकुमानें कोणाच्या जिभेला चव आली नसती.

पिबुन ह्यांची सत्ता १९४४ सालीं गेली, १९४८ सालीं परत आली आणि १९५७ च्या लष्करी उठावांत कायमची संपली. १९६४ सालीं ते जपानांत वारले. त्यांच्या फर्मानांची सक्ती कधींच ओसरली. पाड थाय मात्र बँकॉकच्या रस्त्यांवर आजही गिऱ्हाइकासमोर परतून मिळतो. साखर, मिरचीपूड आणि लिंबू शेजारीं ठेवलेलें असतें; ज्यानें त्यानें आपल्या रुचीप्रमाणें घालून घ्यावें.