संस्कार, कॅथलिक : बायबलमधील आधार

ख्रिस्ती धर्माच्या कॅथलिक पंथात दृश्य चिन्हाच्या द्वारे ईश्वरी कृपा देणारे सात विधी मानले जातात. त्यांना संस्कार किंवा साक्रामेंत म्हणतात. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, धर्मगुरुदीक्षा व विवाह हे ते सात होत. हिंदूंच्या सोळा संस्कारांशी त्यांची तुलना सहज सुचते. मात्र येथे प्रत्येक संस्कार स्वतः येशू ख्रिस्ताने स्थापिला, असा कॅथलिक चर्चचा सिद्धांत असल्याने त्याला बायबलमध्ये आधार आहे की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो. सातही विधी बायबलमध्ये एकत्र कोठेही सांगितलेले नाहीत.

स्नानसंस्कार व ख्रिस्तप्रसाद यांचा आधार सर्वांत भक्कम आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस सर्व राष्ट्रांतील लोकांना स्नानसंस्कार देण्याची आज्ञा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या जलप्रलयाला आणि पौलाच्या लेखनात इस्राएल लोकांनी समुद्र ओलांडण्याच्या प्रसंगाला या स्नानाचे पूर्वचिन्ह मानले आहे. ख्रिस्तप्रसादाविषयीचा सर्वांत जुना लेख म्हणजे पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र (इ. स. सु. ५५) होय. ते चारही शुभवर्तमानांच्या आधीचे असून, आपणास लाभलेली परंपराच आपण पुढे देत आहोत, असे पौल त्यात सांगतो. हा विधी आपल्या स्मरणार्थ करावा, ही आज्ञा मात्र पौल व लूक यांच्याकडेच आढळते. मार्क व मत्तय यांच्या वृत्तांतांत ती नाही. योहान तर अखेरच्या भोजनाच्या प्रसंगी भाकरी व द्राक्षारसाच्या विधीचा उल्लेखच करीत नाही. त्याऐवजी येशूने शिष्यांचे पाय धुतले व तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत असे सांगितले, हे तो वर्णितो. इतकी स्पष्ट आज्ञा असूनही पादप्रक्षालनाची गणना सात संस्कारांत झाली नाही. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोझ याच्या चर्चमध्ये स्नानसंस्काराला जोडून पाय धुण्याची प्रथा होती, रोममध्ये ती नव्हती. केवळ वचनाच्या आधारे संस्कारांची यादी ठरली नाही, हे यावरून ध्यानात येते.

इतर संस्कारांची मुळे कमीअधिक खोल आहेत. पेत्र व योहान यांनी शोमरोनात हात ठेवून पवित्र आत्मा दिल्याची कथा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८) दृढीकरणासाठी, तर पापक्षमेचा अधिकार शिष्यांना दिल्याचे योहानातील (२०·२३) वचन प्रायश्चित्तासाठी पुढे केले जाते. धर्मगुरुदीक्षेला तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांतील हस्तन्यासाचा, तर रुग्णाभ्यंगाला याकोबाच्या पत्राचा (५·१४-१५) आधार आहे.

विवाहाच्या बाबतीत सारा वाद एका शब्दाचा आहे. इफिसकरांस पत्रात (५·३२) पतिपत्नींच्या ऐक्याला ‘मिस्टेरिऑन’ म्हणजे रहस्य असे म्हटले आहे. लॅटिन बायबलमध्ये त्यासाठी ‘साक्रामेंतुम’ हा शब्द आला. रोमन सैनिकाच्या शपथेचा वाचक असलेला हा शब्द टर्टलियनने सु. २०० मध्ये स्नानसंस्काराला लाविला होता. ऑगस्टीन तो अनेक पवित्र चिन्हांना सैलपणे लावी. बाराव्या शतकाच्या मध्यास पीटर लाँबर्डने आपल्या ग्रंथात सात संस्कार निश्चित केले; फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये त्यांचे अधिकृत विवेचन केले.

मूळ ग्रीक पाठाकडे विद्वान वळल्यावर या मांडणीला धक्का बसला. पौलाचा शब्द विधिवाचक नाही, असे मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये प्रतिपादिले. ख्रिस्ताचे वचन आणि दृश्य चिन्ह दोन्ही असतील तोच संस्कार, या कसोटीने त्याने अखेर दोनच संस्कार मान्य केले. प्रायश्चित्ताबाबत तो घुटमळला. याकोबाचे पत्र प्रेषिताचे आहे काय, याविषयीही त्याने शंका घेतली. त्याचे खंडन करणाऱ्या ग्रंथाबद्दल इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला १५२१ मध्ये पोपकडून ‘धर्मरक्षक’ ही पदवी मिळाली. पुढे याच राजाने रोमशी संबंध तोडले, हा इतिहासातील मौजेचा भाग होय.

संस्कार सातच, अधिक नाहीत व उणे नाहीत, आणि ते सर्व ख्रिस्तस्थापित आहेत, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये घोषित केले. तथापि तिची भाषा दिसते त्याहून सावध आहे. अभ्यंगाची मार्कमध्ये (६·१३) केवळ सूचना असून याकोबाने ते जाहीर केले, असे तिने १५५१ मध्ये म्हटले. विसाव्या शतकात कार्ल रानर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने प्रत्येक विधीसाठी स्वतंत्र वचन शोधण्याचा आग्रह सोडला. ख्रिस्ताने स्थापिलेले चर्च हेच मूळ संस्कार असून सातही विधी त्यातून उद्भवतात, असे त्याने मांडले. ही भूमिका ऐतिहासिक पुराव्याशी अधिक जुळते. परंतु वचनच प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे तिने समाधान होणे कठीण आहे.

बायबलच्या पुनर्वाचनाचा प्रत्यक्ष विधीवरील परिणाम अभ्यंगात विशेष दिसतो. मध्ययुगात तो मरणोन्मुखांचा विधी बनला होता व ‘अंत्याभ्यंग’ म्हणून ओळखला जाई. याकोबाच्या पत्रात मात्र केवळ आजाऱ्याचा उल्लेख असून त्याला बरे वाटावे म्हणून प्रार्थना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरविले आणि १९७२ मध्ये सहावा पॉल या पोपने संमत केलेल्या नव्या विधीनुसार गंभीर आजारी व वृद्ध यांनाही तो देण्यात येऊ लागला.