गळासाठी जिवंत आमिष: डबा कोणता, पंप कोणता आणि पॉवर बँक किती तास पुरेल?

रील्समध्ये तुम्ही पाहिलंच असेल. चहूकडे बर्फ, त्यात ड्रिलने पाडलेलं गोल भोक, शेजारी स्टुलावर बसलेला माणूस आणि त्याच्या पायाशी झाकणाचा एक जाडसर डबा. त्या डब्यात गळाला लावायचे छोटे जिवंत मासे असतात. याला आईस फिशिंग म्हणतात. आता तसेच डबे शॉपिंग अ‍ॅपवर ‘लाइव्ह बेट बकेट’ या नावाने दिसायला लागलेत आणि आमच्या अर्जुनी मोरगाव भागातली पोरं मला लिंक पाठवून विचारतात, ‘दादा, हा घेऊ का?’

थोडक्यात उत्तर: डब्यावर कमी खर्च करा, हवेवर जास्त. सविस्तर उत्तर खाली देतोय, कारण यात फोनवाल्या पिढीला कामी येईल असा बॅटरीचा हिशोबही आहे.

बर्फातला डबा आणि आपला डबा

गोंदियात थंडीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, पण तलाव काही गोठत नाही. आपली अडचण नेमकी उलटी आहे. बर्फाळ देशात डब्याच्या भिंती जाड असतात त्या आतलं पाणी गोठू नये म्हणून. आपल्याला जाड भिंत लागते ती पाणी तापू नये म्हणून. भिंतीचं काम एकच, उष्णता अडवणं. त्यामुळे तो डबा इथे निरुपयोगी नाही. मात्र त्याच्यासोबत येणारा पंप बऱ्याचदा थंड पाण्याच्या हिशोबाने दिलेला असतो, आणि तिथेच गडबड होते.

कारण असं की थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. ० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २० अंशांना तो ९.१ वर येतो, ३० अंशांना ७.६ वर, आणि ३५ अंशांना जेमतेम ७ राहतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या बादलीत बर्फाखालच्या पाण्याच्या निम्माच ऑक्सिजन असतो. वर माशाचं शरीर उष्णतेने जोरात चालतं: तापमान १० अंशांनी वाढलं की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पुरवठा अर्धा, मागणी कितीतरी पट. बर्फात ज्या बादलीत मासे दिवसभर आरामात राहतात, त्याच बादलीत मे महिन्यात आपल्याकडे तासाभरात पोट वर करतात.

माझे मामा मासेमारी करणारे. हा सगळा हिशोब ते एका वाक्यात सांगतात: ‘मासा पाण्यात नाही मरत, हवेविना मरते.’ (मामांवरून आठवलं. आमच्याकडच्या ‘मामा तलावां’चा कुणाच्या मामाशी संबंध नाही. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मा.मा. तलाव.) मामा संध्याकाळी लांब दोरीला ओळीने गळ बांधून पाण्यात सोडतात, प्रत्येक गळाला एक जिवंत चिंगूर मासा. मरळीला हलणारं, वळवळणारं भक्ष्य लागतं, मेलेल्याकडे ती सहसा ढुंकून पाहत नाही. म्हणजे दुपारी गोळा केलेले वीस मासे संध्याकाळपर्यंत दहाच उरले, तर अर्धी दोरी रिकामी गेली. रविवारी हौसेने गळ टाकणाऱ्याचं यात फार काही बिघडत नाही. मामांचा मात्र दुसऱ्या दिवशीचा बाजार बिघडतो.

आधी ठरवा, आमिष कोणतं

गांडूळ असेल तर पाण्याचा डबा नकोच. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं, त्याला हवा आणि ओल दोन्ही लागतात. झाकणाला बारीक भोकं पाडलेला साधा प्लास्टिकचा डबा, आत ओलसर माती किंवा भिजवून पिळलेला वर्तमानपत्राचा कागद, बस्स. डबा सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे तंदूर.

झिंगे असतील तर डब्यात जाळ्याचा जुना तुकडा किंवा पाणवनस्पती टाका. त्यांना धरून बसायला काहीतरी लागतं, नाहीतर एकमेकांना टोचतात, आणि नुकतीच कात टाकलेला झिंगा तर बाकीचे खाऊनच टाकतात.

बेडूक मुळीच नको. काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि अंधारात टॉर्च मारून जात ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

आता राहिले छोटे मासे. खरी निवड त्यांच्यासाठीच करावी लागते.

उंच नको, पसरट हवा

पाण्यात हवा शिरते ती वरच्या पृष्ठभागातून. त्यामुळे डबा किती लिटरचा यापेक्षा पाण्याचं तोंड किती मोठं हे महत्त्वाचं. २५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल बादलीत १० लिटर पाणी घेतलं तर पृष्ठभाग साधारण ४९० चौरस सेंटिमीटर होतो. तेच १० लिटर ४० बाय ३० च्या पसरट टबात ओतलं तर १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अडीच पट. पाणी तेवढंच, खर्च शून्य. सगळ्यात वाईट म्हणजे अरुंद तोंडाचा तेलाचा कॅन गळ्यापर्यंत भरून नेणं, आणि मोटारसायकलवर पाणी सांडू नये म्हणून नेमकं तेच केलं जातं. कॅनच न्यायचा असेल तर आडवा ठेवा, वरची बाजू कापून तोंड मोठं करा आणि अर्ध्याच्या वर भरू नका.

मासळी बाजारात बर्फाच्या मासळीसोबत येणारी थर्माकोलची पेटी हा माझ्या मते सर्वात चांगला सौदा आहे. उष्णता उत्तम अडवते, पसरट असते, हलकी असते. अडचण दोनच: गाडीवर कोपरे फुटतात आणि कधीकधी झिरपते. आत जाड प्लास्टिकची पिशवी अंथरा, बाहेरून सायकल ट्यूबच्या रबराने बांधा. घरची पाण्याची थर्मल बादली किंवा जुना आइसबॉक्सही चालतो. ऑनलाइनचा तयार डबा हे सगळं एकत्र देतो आणि त्याला पंप अडकवायला खाचही असते. सुबक दिसतो, पण तीन-चार पट पैसे त्या सुबकपणाचेच जातात.

रंग फिका निवडा. काळी बादली उन्हात लवकर तापते. रंगाची रिकामी बादली चालेल, पण ती साबण न वापरता पुष्कळ पाण्याने धुवून दोन दिवस पाण्याने भरून ठेवलेली हवी. धानावर फवारायच्या औषधाचा कॅन मात्र कधीच नको, कितीही धुतला तरी नको. कीटकनाशकाचा अंशही माशाला पुरतो, आणि आमिष पुढे कुणाच्या तरी ताटातल्या माशाच्या पोटात जाणार असतं.

पंप आणि पॉवर बँकेचं गणित

छोटे यूएसबी एअर पंप बहुतेक १ ते २ वॉटचे असतात. पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. खाली बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ शोधा. ती ५ व्होल्टच्या हिशोबाने असते आणि साहजिकच कमी असते, समजा ६,००० एमएएच. आता ६ गुणिले ५ म्हणजे ३० वॉट-तास. दीड वॉटचा पंप त्यावर २० तास चालेल. एक दिवस-रात्र निघते.

कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, पॉवर बँक स्वतःहून बंद होणे. प्रवाह फार कमी दिसला की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला, आणि ती पुरवठा तोडते. पंप जितका लहान तितका हा धोका जास्त. काही मॉडेलमध्ये इअरबड्ससाठी कमी प्रवाहाचा मोड असतो, तो सुरू करा. आणि मासे टाकण्याआधी घरी पंप दोन-तीन तास चालवून बघा. त्याच पॉवर बँकेवर मध्येच फोन लावला तर काही मॉडेल क्षणभर सगळे पोर्ट बंद करतात, आणि पंपाला बटण असेल तर तो परत आपोआप सुरू होतोच असं नाही. फोनसाठी वेगळी सोय ठेवा.

दुसरी, पाणी उलटं येणे. पंप पाण्याच्या पातळीखाली टांगलेला असेल आणि बंद पडला, तर नळीतून पाणी सायफनने मागे येतं, आधी पंपात आणि नशीब खराब असेल तर खालच्या पॉवर बँकेत. उपाय दोन. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर अडकवा, किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारी ही बोटाएवढी वस्तू आहे. बसवताना तिची दिशा तपासा, उलटी बसली तर हवाच जाणार नाही.

तिसरी, जाहिरातीतला ‘लिटर प्रति मिनिट’ आकडा. तो घरीच मोजता येतो. एक लिटरची बाटली पाण्याने भरून बादलीतल्या पाण्यात उलटी धरा, तोंड पाण्याखालीच राहू द्या. नळीचं टोक आत सरकवा आणि फोनचं स्टॉपवॉच सुरू करा. बाटली हवेने भरायला ४० सेकंद लागले तर तुमचा पंप मिनिटाला दीड लिटर देतो. पॅकेटवर तीन लिहिलं असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे.

नळीच्या टोकाला एअर स्टोन हवाच. मोठे बुडबुडे भसाभस वर निघून जातात. बारीक बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त ऑक्सिजन विरघळतो. पॉवर बँक मात्र सावलीत ठेवा. लिथियम बॅटरी आणि मे महिन्याचं ऊन यांची दोस्ती चांगली नाही.

हे यंत्र नव्हतं तेव्हा काय करायचे? बंगालमधून रेल्वेने मत्स्यबीज नेणारे लोक हंड्यांमध्ये ते भरायचे आणि वाटभर हाताने पाणी घुसळत बसायचे. हात म्हणजेच पंप. पॉवर बँक संपली तर आजही तोच उपाय: मगाने पाणी उचला आणि थोड्या उंचीवरून परत ओता.

पाणी कुठलं आणि थंड कसं ठेवायचं

ज्या तलावातून छोटे मासे धरले, त्याच तलावाचं पाणी घ्या. नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन असतो, तो कल्ल्यांना जाळतो. नाइलाज असेल तर ते पाणी उघड्या टबात एक दिवस ठेवून मग वापरा.

थंडाव्यासाठी अर्ध्या लिटरची बाटली पाऊणपर्यंत भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि बूच घट्ट लावून डब्यात तरंगत ठेवा. हिशोब केला तर अशा बाटलीतला बर्फ पूर्ण वितळेपर्यंत १० लिटर पाण्याचं तापमान साधारण ३ ते ४ अंशांनी उतरवतो. बाटलीतून हे सावकाश होतं, आणि सावकाशच व्हायला हवं. सुटा बर्फ टाकला तर पाणी एकदम थंड होऊन मासे धक्क्यानेच जातात.

मासे पाण्यावर तोंड काढून गटागट हवा घेताना दिसले तर ऑक्सिजन संपत आलाय. पाण्यावर न फुटणारा फेस साचला तर घाण वाढलीय, त्यातला अमोनिया गरम पाण्यात अधिकच विषारी ठरतो. एक तृतीयांश पाणी बदला, मेलेले मासे लगेच काढा, आणि डब्यात चारा टाकू नका. दिवसभर उपाशी राहून मासा मरत नाही.

धरलेली मरळ किंवा मागूर याच पेटीत ठेवायची असेल तर एक लक्षात घ्या: हे मासे थेट हवेतून श्वास घेतात. पेटी काठोकाठ भरून झाकण लावलं तर भरपूर पाण्यात मरळ चक्क गुदमरते. वर चार बोटं जागा सोडा आणि झाकणाला भोकं पाडा.

कुठे टाकायचा, उरलेलं कुठे टाकायचं

नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नागझिरा अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. बाकी अनेक तलावांची मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. त्यात सोडलेलं बीज त्यांच्या पैशाचं असतं, म्हणून गळ टाकण्याआधी गावातल्या संस्थेला विचारा. विचारलं तर बहुतेकदा एका गळाला कुणी नाही म्हणत नाही, उलट मासा कुठे बसलाय तेही सांगतात.

एका तलावातलं उरलेलं आमिष दुसऱ्या तलावात ओतू नका. माशांसोबत रोग जातात, वनस्पतींचे तुकडे जातात, आणि त्या घोळक्यात तिलापियाची किंवा थाई मागूरची पिल्लं असतील तर तुम्हाला कळणारही नाही. थाई मागूर पाळण्यावर भारतात बंदी आहे, कारण तो तलावातले बाकीचे मासे फस्त करतो. आईस फिशिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर तळ्यावरून निघताना आमिषाच्या डब्यातलं तळ्याचं पाणी काढून टाकणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आमिष जिवंत घरी न्यायचं असेल तर सोबत आणलेलं दुसरं पाणी भरावं लागतं.

आपल्याकडे त्याहून सोपं आहे. उरलेले मासे जिथून धरले तिथेच परत सोडा. ते जमणार नसेल तर घरी न्या, कोंबड्या खूश होतात. डब्यातलं पाणी तलावापासून लांब, एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओता आणि डबा, नळी, एअर स्टोन पुढच्या खेपेआधी कडक उन्हात पूर्ण वाळवा.