मध्यरात्रीचे नागपूर आणि ब्राउझरला न कळणारा पत्ता

जानेवारी १९४९ च्या अखेरीस नागपूरच्या विमानतळावर एक आगळा नित्यक्रम सुरू झाला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा आपापल्या वाटेला लागत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा हशील न घेता विमानाने जाऊ लागली.

ही सेवा चालवणाऱ्या कंपन्या बदलत गेल्या. १९५३ मध्ये विमानसेवांचे राष्ट्रीयीकरणही झाले. पत्र लिहिणाऱ्याला मात्र त्यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोणत्याही पेटीत कोणत्याही गावचे पत्र टाकता येई. व्यवस्थेचे खरे बळ त्यात होते.

ई-मेलने हाच गुण उचलला. ‘मेलटू’ हा दुव्याचा प्रकार १९९४ मध्ये प्रमाणित झाला. त्यावर टिचकी मारली की ब्राउझर वाचकाने निवडलेली मेलसेवा उघडतो. समोरच्याचा पत्ता कोणत्या कंपनीचा, हे विचारत नाही.

समाजमाध्यमांत असे घडले नाही. तेथे प्रत्येक कंपनीने स्वतःभोवती तटबंदी उभारली. २०१६ मध्ये यूजेन रोच्को यांनी मास्टोडॉन आणले. त्यात असंख्य स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी बोलतात आणि पत्त्यात माणसाचे नाव व सर्व्हरचे नाव दोन्ही असतात. अशा संवादासाठीचे ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे प्रमाण जानेवारी २०१८ मध्ये मान्य झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फायरफॉक्सने २००४ पासूनची ‘लाइव्ह बुकमार्क’ ही सोय काढून टाकली. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन ब्राउझरमध्येच दाखवणारी ती सोय होती. इतिहासाला कधी कधी असा विनोद सुचतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यानंतर, अनेक भारतीय मास्टोडॉनकडे वळले. तेथे एक अडचण उभी राहते. दुसऱ्या सर्व्हरवरचे पान ब्राउझरमध्ये उघडून ‘अनुसरा’ म्हटले, तर तो सर्व्हर वाचकाला ओळखत नाही. मग स्वतःच्या सर्व्हरचे नाव टंकायचे, किंवा समोरचा पत्ता नकलून घरी परतायचे आणि तेथे शोधायचे. पासवर्ड, घरचा पत्ता, बँकेच्या कार्डाचा क्रमांक हे सारे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरला वाचकाचे ‘टपालघर’ तेवढे ठाऊक नसते.

उपाय अगदीच अनोळखी नाही. ठरावीक प्रकारचे दुवे अमुक संकेतस्थळाकडे सोपवण्याची सोय फायरफॉक्समध्ये २००८ पासून आहे. मास्टोडॉननेही तो मार्ग चोखाळून पाहिला, पण तो रूढ झाला नाही; सफारीत तर ही सोयच नाही. शिवाय येथे एक पथ्य पाळावे लागेल. वाचकाचा सर्व्हर कोणता, हे ब्राउझरने प्रत्येक संकेतस्थळाला सांगत सुटणे म्हणजे पाळतीला आमंत्रण. दुवा ब्राउझरने स्वतःच वाचकाच्या सर्व्हरकडे न्यावा आणि पाहिलेल्या पानाला त्याचा पत्ताही लागू नये.