गुऱ्हाळावरील चव : मिरज परिसरातील गुळाच्या पारखीचा इतिहास

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील उसाचा इतिहास बहुधा क्षेत्र, उत्पादन व भाव यांच्या आकड्यांतून मांडला जातो. त्या मांडणीत एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. तो म्हणजे मालाची पारख कोण करीत असे, कोठे करीत असे व कशाच्या आधारे करीत असे. मिरज परिसरातील गुऱ्हाळाचा विचार या दृष्टीने केल्यास उद्योगाच्या स्थित्यंतराचे एक निराळेच अंग नजरेस येते.

ऊस आणि गूळ यांचा संबंध फार प्राचीन आहे. पाणिनीय व्याकरणपरंपरेत ‘गौडिक’ या शब्दाचा अर्थ गुळाला योग्य असा ऊस, असा सांगितला आहे. म्हणजे कोणत्या उसाचा गूळ चांगला होतो, हे ज्ञान तेव्हाच भाषेत रुजले होते. हे ज्ञान शेतावरच सिद्ध होई. कारण तोडलेल्या उसातील साखरेचा अंश लवकर घटू लागतो, आणि म्हणून गाळप मळ्याच्या शेजारीच करावे लागे.

गुऱ्हाळाची रचना या गरजेतून निर्माण झाली. घरची माणसे, शेजाऱ्यांचे बैल आणि मजुरीवर आणलेला गुळव्या यांच्या बळावर हंगाम पार पडे. रस काहिलीत पडला, की चुलवाणात चिपाडांचा जाळ घालीत. भेंडीच्या चिकट रसाने व चुन्याने मळी वर आणून काढून टाकीत. पाक दाट होत असता गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते की नाही, हे पाही. गोळी वळण्यापूर्वीच पाक उतरविला तर काकवी मिळे. गोळी वळल्यावर तो वाफ्यात ओतून घोटीत व त्याच्या ढेपा पाडीत. शंभर किलो उसापासून साधारणतः दहा ते बारा किलो गूळ निघतो.

गुऱ्हाळावर आलेला वाटसरू विन्मुख जाऊ नये, असा या भागातील संकेत होता. त्याला रस पाजीत, पानावर गरम गूळ देत. या रिवाजाकडे केवळ औदार्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. जमीन, पाणी, खत व गुळव्याचे कसब यांतील प्रत्येक फरक त्या घासात उतरलेला असे. कोणाचा गूळ खारट, कोणाचा कडवट, कोणाचा रवाळ, हे पंचक्रोशीला ठाऊक होई. पाहुणचार हीच मालाची जाहीर परीक्षा होती.

यंत्राने ही व्यवस्था लगेच मोडली नाही. लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक आला, तेव्हा गाळपाचा वेग वाढला. परंतु स्थळ शेतच राहिले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड येथे कारखाना उभारला. मिरज-पुणे लोहमार्गावरील या ठिकाणी, म्हणजे पुढच्या किर्लोस्करवाडीस, लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही तयार होऊ लागले. यंत्र शेतकऱ्याच्या मळ्यात गेले. ऊस यंत्राकडे गेला नाही.

पहिला बदल बाजारपेठेने घडविला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसविली व ती गुळाची मोठी पेठ झाली. पेठेतील सौद्यात ढेपेचा रंग व कठीणपणा यांना वजन आले, आणि जिभेचे काम डोळ्याकडे गेले. पुढे पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रोससारखी रसायने काहिलीत पडू लागली, त्याचे एक कारण येथे सापडते. खाणारा माणूस काहिलीजवळ उभा असता, तर केवळ रंगासाठी गूळ बिघडविणे इतके सोपे झाले नसते.

दुसरा बदल अधिक मूलगामी होता. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला, आणि त्याच दशकात सांगलीस वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहू लागला. कारखान्याने कर्ज, भागीदारी व बरीचशी निश्चिंती दिली. व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्या शेतकऱ्यास हा लाभ लहान नव्हता. मात्र उसाचा भाव वजनावर आणि कारखान्याच्या सरासरी साखर-उताऱ्यावर ठरू लागला. २००९ पासून लागू असलेल्या रास्त व किफायतशीर भावाचा पायाही उताराच आहे. उत्तम ऊस पिकविणारा व साधारण ऊस पिकविणारा यांच्यातील भेद त्या सरासरीत मिटला. गूळ करणारा शेतकरी ऊस पुरविणारा झाला.

ही अवस्था उसापुरती नाही. काकाओचे निम्म्याहून अधिक जागतिक उत्पादन आयव्हरी कोस्ट व घाना येथे होते. तेथील असंख्य लहान शेतकऱ्यांच्या बिया पोत्यांत एकत्र होऊन निनावी ठरतात. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर १९९९ मध्ये स्थापन झालेल्या एका लहान कंपनीने बेटावरच्याच बियांचे चॉकलेट तेथेच करण्यास आरंभ केला. अशा ठिकाणी प्रवासी मळा पाहतो, चॉकलेट चाखतो, आणि पिकाला पुन्हा गाव मिळते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कृषिपर्यटनाच्या निमित्ताने गुऱ्हाळेही पुन्हा पाहिली जाऊ लागली आहेत. परंतु मानांकन प्रदेशाचे नाव राखते, मळ्याचे नव्हे. आणि पर्यटकाने पैसे देऊन घेतलेला घास व शेजाऱ्याने पारखलेला घास यांत अंतर आहे. पहिला आवडीचा विषय असतो. दुसऱ्यावर करणाऱ्याची अब्रू अवलंबून असे. गुऱ्हाळाच्या ऱ्हासात गेले ते मुख्यतः हे उत्तरदायित्व होय. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने टनांच्या हिशेबाबरोबर त्याचीही नोंद घेतली पाहिजे.