शिडाच्या जहाजातली थंडी

१८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांनी बंदरात पोचेपर्यंत त्यातला शंभरेक टन उरला होता. साहेबलोकांच्या पेल्यापुरता तो ठीक. पण साधा बर्फ आपला शून्य अंशाशी थांबतो. मांस तीन-तीन महिने टिकवायचे तर ते दगडासारखे गोठलेलेच राहायला हवे, आणि भर समुद्रात तसली थंडी आणायची कोठून?

ही अडचण न्यूझीलंडला फार जाचत होती. तिथे मेंढरे उदंड, माणसे थोडी. लोकर विलायतेला जाई. मांसाला मात्र गिऱ्हाईक नाही, म्हणून चरबीसाठी मेंढरे चक्क उकळून काढीत! १८८० साली 'स्ट्रॅथलेव्हन' ही आगबोट ऑस्ट्रेलियाचे गोठवलेले मांस घेऊन लंडनला सुखरूप पोचली. न्यूझीलंडच्या जमीनवाल्यांना धीर आला. त्यांच्यासाठी 'डनेडिन' या जहाजावर बेल-कोलमन यंत्र बसवण्यात आले. आणि हे जहाज होते शिडाचे, बरे का!

यंत्राची युक्ती तशी साधी. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते ना? तशीच हवा दाबायची, तापली की समुद्राच्या पाण्याने निववायची आणि मग पसरू द्यायची. पसरताना ती गारठते. तीच मालाच्या खणात सोडायची. जहाज चाले फुकटच्या वाऱ्यावर, पण थंडीसाठी रोज तीनेक टन कोळसा जळे.

१५ फेब्रुवारी १८८२ ला जहाज पोर्ट चामर्सहून हलले. धुराड्याच्या ठिणग्यांनी शिडे पेटू लागली, ती विझवत पुढे जायचे. उष्ण प्रदेशात शिरल्यावर ध्यानात आले, की खणात गार हवा नीट खेळतच नाही. आता माल नासणार! तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात रांगत शिरला आणि त्याने करवतीने हवेला नव्या वाटा पाडल्या. काम झाले, पण गडी गारठून आतच निपचित पडला. शेवटी त्याच्या हाताखालचा अधिकारी आत सरपटत गेला, त्याने पायांना दोर बांधला आणि कप्तानाला ओढून बाहेर काढले.

९८ दिवसांनी जहाज लंडनला लागले. सुमारे ५,००० धडांपैकी फेकावे लागले ते फक्त एक!

पुढे आठ वर्षे 'डनेडिन'ने हीच वाट तुडवली. १८९० साली ते ओमारूहून लंडनला निघाले, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाही.